हँगरवरची मोटरसायकल

धुरी टेलरच्या दुकानात हँगरला मोटरसायकल लटकते. थट्टा नाही करत. एका बाजूला कोणाचा तरी सफारी, दुसऱ्या बाजूला लग्नाचं जाकीट, आणि मधोमध खाकी कागदातून कापलेली अख्खी मोटरसायकल, खऱ्या मापाची. चाकं, टाकी, सीट, सगळं टाचण्यांनी जोडलेलं. पंखा लावला की सळसळते. गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावतात तशी चिठ्ठीसुद्धा तिला लावलेली. चिठ्ठीवर ट्रायलची तारीख कोरी, नावही कोरं.

मुलुंडला आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर हे दुकान आहे आणि त्याच्या मागच्याच खोलीत धुरी एकटे राहतात. साठीचे, जेमतेम पाच फूट उंच, गळ्यात कायम टेप. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, खांद्याकडे बघतात. पहिल्यांदा भेटणारा माणूस आपोआप खांदे सरळ करतो. मी सोसायटीची सेक्रेटरी. हौसेने नाही झाले. मीटिंगला पंधरा मिनिटं उशिरा पोचले, तोवर माझं नाव सर्वानुमते ठरून गेलं होतं.

"आधी ट्रायल" हा धुरींचा मंत्र. नवी लिफ्ट बसली तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, आधी ट्रायल. कोणीतरी जाडा माणूस पाठवा वर." लग्न का नाही केलंत असं कोणी विचारलं की म्हणतात, "त्यात ट्रायल नाय ना मिळत."

तर त्या कागदी मोटरसायकलीचं मूळ आमच्या पार्किंगमध्ये. तिथे दोन मेलेल्या गाड्या उभ्या होत्या. एक धुरींची, जुनी, वजनाला म्हैस, आणि गिअर उजव्या पायाला. आताच्या गाड्यांना तो डाव्या पायाला असतो. दुसरी उंच, हलकी. ती आमची. म्हणजे माझ्या नवऱ्याची, शेखरची. ती मीच धुरींच्या गळ्यात मारली होती.

त्याचं असं झालं. शेखर शाळेत गणित शिकवतो आणि चार वर्षांपूर्वीपर्यंत दर रविवारी तो आणि धुरी गाड्या घेऊन मुरबाडकडच्या कच्च्या वाटांवर जायचे. चिखलाने माखून परत यायचे आणि दोघं शाळा बुडवलेल्या पोरांसारखे हसत बसायचे. एका रविवारी वाटेत ओढा आला. धुरी आधी पार झाले आणि पलीकडून हात केला, "या सर, साफ आहे." साफ नव्हतं. शेखर दगडावरून घसरला आणि गाडी डाव्या पायावर पडली. घोट्यात प्लेट, चार महिने अंथरूण. मी धुरींना म्हटलं, "ही गाडी माझ्या डोळ्यांसमोरून न्या. आणि परत याला बोलवायला आलात तर याद राखा."

त्यांनी हँडल धरलं. गाडी ढकलत घेऊन गेले आणि त्यानंतर आमचा जिना कधी चढले नाहीत. शेखर कपडे मात्र त्यांच्याकडेच शिवत राहिला. बाकी शाळा ते घर, घर ते शाळा. रविवारी खिडकीत बसून पेपर वाचायचा, दुपारपर्यंत तोच पेपर. मला वाटायचं, बरं झालं! नवरा डोळ्यांसमोर आहे, अजून काय हवं?

वर्षभराने धुरींनी जाहीर केलं की ते दोन गाड्यांची मिळून एक गाडी करणार. मातीतली. रस्त्यावर आणायची नाही, कोकणात त्यांच्या भावाच्या जमिनीत मोठा सडा आहे, त्या कातळावर फिरवायची. "सांगाडा उंच गाडीचा. तो कापड. इंजिन माझ्या जुन्या गाडीचं, त्या म्हाताऱ्याचं. ते अस्तर." ज्याला गाडीतलं थोडंफार कळतं त्या प्रत्येकाने सांगितलं की अहो, त्या हलक्या गाडीचंच इंजिन दुरुस्त करा, हे धूड कशाला? धुरींचं उत्तर ठरलेलं. "गिअर उजवीकडे पायजे." का, ते नाही.

आणि मग तीन वर्षं नुसतं माप. कागद कापायचे, टाचायचे, उसवायचे. पार्किंगच्या फरशीवर खडूने इतक्या रेघा मारल्या की पोरं त्यावर लंगडी खेळायला लागली. लोखंडाला हात म्हणून लावला नाही. सगळं डोकं तिकडे, त्यामुळे शिवणाची वाट लागली. शेखरची प्रत्येक पँट घडी घालताना बघावं तर एक पाय आखूड! डावा, पाऊण इंच. एकदा चुकतो माणूस, दोनदा चुकतो, पण दर वेळी? एकदा मी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, पँट काउंटरवर आपटली. "धुरी, डोळे आहेत का बटणं?"

"चुकलं, वहिनी," ते माझ्या खांद्याला म्हणाले.

घरी शेखर म्हणाला, "राहू दे गं. बरी बसते." पुढची पँट आली. डावा पाय पाऊण इंच आखूड.

मग यंदा पार्किंगची फरशी नवी करायचं ठरलं. बंद पडलेल्या गाड्या रविवारी सकाळी भंगाराच्या टेम्पोत जाणार, नोटिशीवर सही माझी. मी धुरींना सरळ सांगितलं, "तुमची जागा एका गाडीची. रविवारी सकाळपर्यंत दोनाची एक करून चाकांवर उभी करा. नाहीतर दोन्ही जाणार." खोटं कशाला बोलू, मला त्या जायलाच हव्या होत्या.

शनिवारी दुपारी धुरींनी नाक्यावरच्या अस्लमभाईंना आणलं. ते खिडक्यांच्या ग्रिल करतात. उंच गाडीचा सांगाडा विटांवर चढवला, त्यावर कागदी नमुना चिकटवला. म्हाताऱ्याचं इंजिन लांब, त्यामुळे सांगाड्याचे खालचे दोन पाइप कापून नवे जोडायचे होते. कापताना चुकलं तर ही गाडीही गेली आणि तीही. मी रजिस्टर घेऊन जिन्याच्या पायरीवर उभी राहिले.

अस्लमभाईंनी ग्राइंडर चालू केला. "थांबा," धुरी म्हणाले. बंद. परत चालू. "थांबा, थांबा." तिसऱ्यांदा अस्लमभाई वैतागले. "चाचा, कल टेम्पो आयेगा. काटूँ के नहीं?"

धुरींनी खडूची रेघ मारली, पुसली, परत मारली, परत पुसली. हाच माणूस बनारसी रेशमात खूण न करता कात्री घालतो. मी खरं म्हणजे खूश व्हायला हवं होतं. पण माझाच जीव टांगणीला लागला. "अहो, कापा ना एकदाचं! अडलंय कुठे?"

"मापावर, वहिनी."

"तीन वर्षं मापंच घेताय की!"

"ते उभ्याचं. माझ्याकडे बसल्याचं माप नाय."

मी पुढे होऊन कागद बघितला. सीटच्या खाली, पेन्सिलने, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: आतला पाय, उजवा एकतीस, डावा सव्वातीस. धुरींचा पाय कुठला एकतीस असायला! आणि डावा कमी. पाऊण इंच.

मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे कोणाचं माप आहे?"

"सरांचं." आता ते माझ्या खांद्याकडेही बघेनात. "प्लेट घातल्यापास्नं पाय आखूड झालाय, वहिनी. सारखे शिवले तर डावा पाय बुटावर लोळतो, चार लोकांत दिसतं. सर म्हणाले, हिला नका सांगू, परत हॉस्पिटलात नेईल. घोटा पण वर उचलत नाय. डावीकडचा गिअर त्यांना नाय जमायचा. ब्रेक मग डावीकडे येतो, पण त्याचं काय, अख्खा पाय टाकला तरी लागतो. म्हणून गिअर उजवीकडे."

"शेखरने सांगितलं करायला?"

"नाय हो. गाडी त्यांच्या मापाची आहे, त्यांना पत्ताच नाय." खडू त्यांनी खिशात टाकला, परत काढला. "आधी तुम्हाला विचारायचं होतं. तीन वर्षं विचारायचं आहे. तेव्हा हात मी केला ना. या, म्हणालो. आता परत या म्हणायचं, तर तुम्हाला विचारल्याबिगर कसं म्हणू? रविवारी दुकान उघडं ठेवतो मी. बंद ठेवून करू काय?"

मला राग आला. शेखरचा आला, या माणसाचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला. चार वर्षं माझ्या हातांनी त्या पँटींच्या घड्या घातल्या, आखूड पाय रोज बघितला, आणि नवऱ्याचा पाय बघितला नाही. एका घरात राहून! वर भर दुकानात या माणसाला बोलले, आणि तो चुकलं म्हणाला.

"मला भीती वाटते, धुरी," मी म्हटलं.

"मला पण."

अस्लमभाई ग्राइंडर हातात धरून दोघांकडे बघत राहिले. मी फोन काढला. "शेखर, खाली ये. बूट घालून ये. आणि एक शब्द विचारू नकोस."

तो आला. विटांवरची गाडी बघून जागच्या जागी थांबला. मग टाकीवर हात ठेवला. "धुरी," तो म्हणाला, "वेडे आहात का हो तुम्ही?" आणि टाकीवरची धूळ बाहीने पुसायला लागला. मी म्हटलं, "फक्त माप. चालवायचं नंतर बघू. बस."

अस्लमभाईंनी मागून गाडी धरली, शेखर बसला. धुरी पँटची उंची घ्यायला बसतात तसे त्याच्या डाव्या पायाशी गुडघ्यावर बसले. "सर, पाय सैल सोडा." टेप लावला, पाइपवर खडूने रेघ मारली. या खेपेला पुसली नाही. रेघेच्या पुढे इंचभर दुसरी रेघ मारली.

"ये क्या?" अस्लमभाई म्हणाले.

"दाब. शिवणीत जादा कापड ठेवतात तसा. पुढेमागे सोडायला लागला तर."

"चाचा, लोहे में दाब?"

"काटो," धुरी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत पाइप जोडून झाले आणि गाडी चाकांवर उभी राहिली. इंजिन नुसतं बसवलेलं, चालू व्हायला अजून महिना तरी जाईल. पण एक गाडी झाली. रविवारी टेम्पो उरलेलं लोखंड घेऊन गेला.

टेम्पो गेल्यावर बघते तर धुरी कंपाउंडमध्ये वाकून काहीतरी वेचतायत. गेटपासून पार्किंगपर्यंत एकेक खडा उचलून खिशात टाकत होते. सगळं वेचून झालं, मग झाडू मारला, मग परत एकदा चालून बघितलं. शेखर तोवर गाडीवर बसलेला. धुरी गेटपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्याकडे नाही, तोंडाकडे बघितलं.

मी मान डोलावली.

"या सर," त्यांनी हात वर केला, "साफ आहे."

मी ओढणी कमरेला बांधली आणि मागून गाडी ढकलली.