शोषत नाय, चिकटतं!

संडासाच्या फ्लशला गाळलेलं, तपासलेलं आणि रिपोर्ट काढलेलं पाणी वापरणारी भाईंदर पूर्वेतली एकमेव सोसायटी आमची. निदान आमची तशी समजूत होती. या पराक्रमाचे धनी तिसऱ्या मजल्यावरचे साळवीकाका. गच्चीवर त्यांनी तीन निळी पिंपं मांडलीत आणि त्यांत भरलाय जांभा. हो, कोकणात घरं बांधतात तोच लाल दगड, कुटून, चाळून, धुऊन. वरून फ्लशसाठीचं बोअरचं पाणी सोडायचं, ते थेंब थेंब खाली येतं आणि त्यातले निकेल-क्रोमियमसारखे विषारी धातू दगडावरच राहतात.

"म्हणजे दगड विष शोषतो," असं मी एकदा बोलून गेलो. काका तापले.

"शोषत नाय रे, चिकटतं! दगड म्हणजे काय स्पंज आहे? जांभ्यात लोखंड असतं, त्याच्या अंगाला धातू चिकटून बसतो. जावई सासरी आला की सोफ्याला चिकटतो ना, तसा."

मी सासूबाईंच्याच फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे शास्त्रीय चर्चा तिथेच संपली.

दगड रत्नागिरीहून एसटीने येतो. पहिली गोणी काकांनी काकूंच्या मिक्सरमध्ये दळली. मिक्सर गेला. काकू चार दिवस बोलल्या नाहीत आणि काकांना ते पाचव्या दिवशी कळलं.

पाण्याची बाटली घेऊन ते आधी शांती नगरमधल्या रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये धडकले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट का नाम?" काका म्हणाले, "बोअर." "उमर?" "बीस साल." शेवटी कुणीतरी त्यांना पाणी तपासणारी लॅब दाखवली. तेव्हापासून दर महिन्याचा रिपोर्ट आमच्या लिफ्टच्या आरशावर चिकटवलेला असतो. भांग पाडायला जावं तर क्रोमियम दिसतं.

दगडावर आणखी काही चिकटेनासं झालं, की काका तो सिमेंटमध्ये कालवून विटा पाडतात. "कचऱ्यात टाकला तर फिरून पाण्यातच जाईल, अक्कल आहे का?" या विटा राहतात त्यांच्या घरात. काकू म्हणाल्या, "आमच्या पलंगाखाली विष झोपतं नि पलंगावर हे. खालचं बरं रे, घोरत तरी नाही."

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. पिंपांमुळे स्लॅब गळतोय असं कमिटीचं म्हणणं पडलं. "संडासाच्या पाण्यासाठी एवढी नाटकं कशाला?" यावर एकमत झालं आणि आठ दिवसांत पिंपं हटवायची नोटीस घेऊन रविवारी सकाळी मी गच्चीवर गेलो.

तिथे आमच्या वॉचमनची बायको सुनंदा उभी होती. जालन्याकडची पोर, सातवा महिना लागलेला. काका पिंपाखालची कळशी उचलत होते.

"द्या की काका, मी नेते."

"गप. तू नुसती लिफ्टपर्यंत चल."

"असं करतेत बघा साहेब," ती मला म्हणाली. "रोज दोन कळश्या खाली आणून देतेत. लई देवमाणूस!"

काका परत आले तेव्हा मी विचारलं, "हे पाणी फ्लशच्या टाकीत नाही जात?"

"येडा की काय तू? एवढं पाणी गाळून संडासात ओतू? अरे, तिच्या खोलीत नळ आहे तो बोअरचाच. पिणं, भात, सगळं त्याच्यावर. पोटात पोर आहे तिच्या."

"मग खालच्या टाकीवरून म्युनिसिपालिटीच्या पाण्याचा नळच दिला तर?" मी हुशारीने म्हणालो.

काका माझ्याकडे वळले. "त्याचेच तीन अर्ज दिलेत तुला."

दिले होते. नव्या लाद्या फोडायला नकोत म्हणून तिन्हींवर 'पुढील सभेत विचार करू' असं मीच लिहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं काका. माफ करा."

काका पिंपाशेजारी बसले. "मागच्या नाल्याला लागून निकेल-क्रोमियमचा मुलामा देणारा प्लेटिंगचा कारखाना होता, आठवतो? चोवीस वर्षं होतो मी तिथं. टाक्यांतलं वापरलेलं पाणी नाल्यात सोडायचं काम माझं. मालक सांगायचा नि मी सोडायचो. आपल्या बोअरमध्ये जे येतं ना, ते मी सोडलेलं आहे."

मी नोटीस घडी करून खिशात घातली. "सुनंदाला माहितीये हे?"

"नाय. ती देवमाणूस म्हणते मला. माफी माझी कसली मागतोस? तुझ्या अर्जांचं काय ते तिला जाऊन सांग. मला माझं अजून जमलेलं नाय."

संध्याकाळपर्यंत मी लाद्या फोडून नळ बसवून घेतला. कमिटीने आरडाओरडा केला, तो ऐकून घेतला. ते सोपं होतं. मग तिच्या खोलीच्या दाराशी मी 'चुकलं' हा एक शब्द घेऊन उभा राहिलो, आणि तेवढ्यात सुनंदाच हसत बाहेर आली, म्हणाली, "साहेब, तुमचे लई उपकार झाले."

मी मान डोलावली आणि परत फिरलो.