ओराझगाली मामांनी तिसरे इअरबड दिले, त्या मोहिमेची हकीकत

ज्यांनी किल्ले घेतले त्यांची नावे वारा-पावसाने पुसली. ज्यांनी कानांत गोळे कोंबले त्यांची तरी राहोत, या हेतूने परमुलखीच्या शिमकेंत शहरची ही हकीकत लिहिली असे. श्रोती सावध व्हावे. कर्म थोर आहे. करणारे तितके नाहीत.

पाणीखात्याचे मीटर-तपासनीस राजमान्य राजश्री ओराझगाली, दोंब्रा नामे दोन तारांच्या वाद्याचे षोकीन, रोज सख्ख्या भाच्याच्या मिनीबसमधून कचेरीस जात. भाचा झुमाताय, चाळिशी उलटलेला, देहाने बैल, अकलेने त्याचाच धाकटा भाऊ. गाडीत फोनवर चालणारे कर्णे चार, आणि चारही कर्ण्यांतून लग्नातली धांगडधिंगा गाणी अष्टौप्रहर. दुसऱ्या गाडीने जावे तर बहिणीचा अपमान, आवाज कमी कर म्हणावे तर भाचा म्हणे, "मामा, गाणं बंद झालं की मला झोप येते. मग बसा सगळे खड्ड्यात!" सबब बिनतारी इअरबड घेऊन निदान स्वतःचे दोन कान तरी मुक्त करावे, ऐशी मसलत मामांनी केली.

परंतु त्या मुलखी भाच्याने मामाजवळ आयुष्यात तीन वेळा हवी ती चीज मागावी आणि मामाने ती निमूट द्यावी, ऐसा दस्तूर. नाकारील तो सात पिढ्यांचे नाक कापील. हे ठाऊक असता मामांनी पहिले इअरबड घेतले आणि भाच्याच्याच गाडीत बसून माना डोलावल्या. ते गेले, भाच्याच्या बायकोचे कानी विराजले. मग दुसरे घेतले, तेही महिनाभर यूट्यूबवरील पंडितांची व्याख्याने ऐकून, ज्या पंडितांस दोन कान होते आणि मध्ये काही नव्हते. ते खिशात दडविले, आणि मामी कुल्याशबाईंनी भर चहात भाच्यासमोर मिरविले. तेही गेले, भाच्याच्या मेव्हण्यास आहेर जाले.

आता मागणी एकच उरली. तेव्हा मामांनी खलबत केले की, आधी टाकाऊ जिन्नस घ्यावा, त्याची तारीफ करावी, भाच्याने तो मागावा, हक्क संपावा, आणि मग उत्तम जिन्नस निर्धास्त खरेदी करावा. मसलत मोठ्या मुत्सद्द्यास शोभेशी. मुत्सद्दी मात्र गळके नळ तपासणारा.

मग स्वारी बाजारी दाखल जाली आणि साउले नामे दुकानदारणीस हुकूम केला की, सर्वांत वाईट असतील ते काढ. ती बाई थक्क जाली.

"काका, हे नका घेऊ. घरजावयासारखे आहेत. दिवसभर चार्जिंग खातात आणि कामाला शून्य."

"हेच दे."

"उद्या परत घेऊन याल आणि माझ्या डोक्यावर बसाल!"

"परत आणीन तर मिशी उतरवीन."

"मिशी आहे कुठे?" बाई म्हणाली आणि डबी बांधून दिली.

सायंकाळी भाच्यास चहास बोलाविले. दस्तरखान पसरले, तळलेले बाउरसाक मांडिले, आणि मामांनी इअरबड कानी घालून डोळे मिटले. "आहाहा! तार अशी वाजते की जणू कानातच बसलाय वाजवणारा!"

मामी फटकन म्हणाल्या, "अहो, सकाळी तर म्हणत होता, पत्र्यावर खडे पडतायत!"

मोहीम बुडाली, ऐसे जाले. परंतु मूर्ख शत्रू हीच शूराची कुमक.

"मामी, गाण्यातलं मामांना कळतं, तुम्हाला नाही," भाचा म्हणाला आणि तळहात पुढे केला. "मामा, ही माझी तिसरी मागणी. काढा!"

मामांनी टोपीने डोळे पुसले, हुंदका दिला आणि डबी हवाली केली. हुंदका जरा लांबला.

दुसरे दिवशी मामा गाडीत चढले तो भाच्याने ते रत्न खासा आपल्या कानी धारण केले होते. फोन एक, आवाज एक. तो इअरबडांत गेला आणि चारही कर्णे मुके जाले. कैक वर्षांनी त्या गाडीत शांतता नांदली. कचेरीनंतर उत्तम जिन्नस घ्यावयाचा बेत मामांनी तिथल्या तिथे रद्द केला. गाडीच मुकी जाली, आता कान झाकावे कशास?

मग एका उतारू बाईचा थांबा आला.

"थांबव रे!"

भाचा मान डोलावीत राहिला.

"अरे थांबव! कानात काय मेंढीचं शेपूट कोंबलंयस?"

थांबे मागून थांबे गेले, बाजार गेला, इस्पितळ गेले, मामांची कचेरी गेली, आणि अवघी गाडी एकमुखाने ओरडू लागली. भाच्याच्या खांद्यास हात लावावा, इतके ते मामांस सोपे होते. परंतु शांतता भंगेल म्हणून लाविला नाही. गाडी कापसाच्या शेताकडेच्या अखेरच्या थांब्यास जाऊन उभी राहिली, तेव्हा त्या बाईने भाच्याचे कान इअरबडांसकट उपटून विचारिले की, ही पीडा तुला दिली कोणी?

भाच्याने छाती फुगवून बोट दाखविले. "माझ्या मामांनी! स्वतः रडले, पण दिले. असा मामा शोधून सापडणार नाही!"

सापडला. गाडीतच होता.

येणेप्रमाणे चार कर्णे पाडाव जाले, भाच्याचा हक्क समाप्त जाला, आणि मामांची फत्ते जाली. पुढे अवघ्या फौजेने मामांस त्यांच्या सात पिढ्यांसह जे जे ऐकविले, त्यातील एक अक्षर गळले नाही. इतका स्वच्छ आवाज कोणत्याही इअरबडांनी आजवर दिला नव्हता. हे जाणिजे.