पावतीवाल्याच्या डोक्याचा फोटो

"चहात साखर किती घालू?" असं बायकोने विचारलं आणि पावतीवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हा प्रश्न या घरात कुणी विचारला नव्हता. चहा जसा यायचा तसा तो प्यायचा, आणि साखर कमी आहे म्हटलं तर पुढचा चहा येईलच याची खात्री नसायची. आज मात्र बायको चमचा धरून उत्तराची वाट बघत उभी होती, वर हसतही होती. म्हणजे काहीतरी भानगड होती.

त्याची नोकरीच तशी. एका मोठ्या दुकानाच्या दारात उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची पिशवी पावतीशी ताडून बघायची. म्हणून सगळे त्याला पावतीवाला म्हणत. अनुभवातून त्याने एक नियम काढला होता. जो कुरकुर करतो त्याला सोडून द्यावं, जो गोड हसतो त्याची पिशवी तळापर्यंत उपसावी. हा नियम तो घरीही लावायचा आणि घरच्यांना त्याचा वीट आला होता.

त्यात महिनाभर त्याचं डोकं दुखत होतं, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. या गृहस्थाने ऐन पंचेचाळिशीत दातांना तारा बसवून घेतल्या होत्या. का, म्हणून विचारलं तर 'दातांच्या डॉक्टरने सांगितलं' एवढंच म्हणायचा. एमआरआय म्हणजे भलंमोठं लोहचुंबक असतं, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. तारांसकट दात उपटून मशीनला चिकटले म्हणजे? तिथल्या टेक्निशियन बाईंनी त्याच्या तोंडात नीट डोकावून बघितलं. तारा पक्क्या आहेत, दातांना काही होणार नाही, फक्त तेवढ्या भागाचा फोटो बिघडेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. पण बाई हसून बोलल्या. तिथेच याचा विश्वास उडाला आणि त्यातलं काही त्याने ऐकलंच नाही. मशीनमध्ये गेल्यावर त्याने दात असे आवळले की आत आवाज आला, "काका, तोंड सैल सोडा, डोकं हलतंय."

फोटो आणायला काल बायको आणि मेहुणा गेले होते. परवा डॉक्टरच बघतील, असं म्हणून तिने विषय बदलला होता. आणि आज ही साखर.

त्याने कान टवकारले. सुट्टीचा दिवस होता, सगळं घर डोळ्यांखाली होतं. थोड्या वेळाने लेकीने टीव्हीचा रिमोट आपणहून त्याच्या हातात दिला. दुपारी मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा एकदा पाय मोडला होता, तेव्हापासून हाडांपासून मेंदूपर्यंत सगळे फोटो आपल्याला वाचता येतात असा त्याचा समज होता. दोन दिवसांसाठी म्हणून नेलेली ड्रिल मशीन त्याने तीन वर्षांनी, पुसून, परत आणली होती. ती टेबलावर ठेवून तो म्हणाला, "दाजी, जिवाला जपा." आणि डोळे पुसत आत गेला.

स्कूटर ठोकली असणार, दुसरं काय. पावतीवाला तडक खाली गेला. स्कूटर धुतलेली होती, टाकी भरलेली होती. त्याने गुडघ्यांवर बसून आरसे, मडगार्ड, चाकं, सगळं तपासलं. एखादा ओरखडा सापडला असता तर त्याच्या जिवाला बरं वाटलं असतं. पण कुठे काही नाही. आता मात्र तो खरोखर घाबरला. वर येऊन त्याने बायकोचं कपाट उघडलं.

कपड्यांच्या तळाशी एमआरआयचं पाकीट होतं. त्याने फोटो खिडकीशी धरला. डोकं त्याचंच होतं. पण नाकाच्या खाली सगळं काळंकुट्ट, कुणीतरी चेहऱ्याचा लचका तोडून नेल्यासारखं. साखर, रिमोट, ड्रिल मशीन, एकेका गोष्टीचा हिशेब लागत गेला. ही सगळी माणसं त्याला निरोप देत होती.

तो फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि खाली बसला. बायकोने त्याच्या हातातला फोटो बघितला आणि तिला हुंदका फुटला. मेहुण्याने तर लगेच कबूल केलं की दाजींची नवी टॉर्च हरवली नव्हती, ती त्याच्याच घरी आहे. बायको म्हणाली, "तुमचा तपकिरी स्वेटर लाँड्रीवाल्याने नाही हो हरवला. मी त्याची फरशी पुसायची फडकी केली." आठ वर्षं पावतीवाला त्या लाँड्रीवाल्याकडे वाकड्या नजरेने बघत होता.

एरवी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तो नुसता म्हणाला, "माझंही एक ऐक. या तारा डॉक्टरने नव्हत्या सांगितल्या. फोटो काढताना दर वेळी तू म्हणतेस, 'अहो, तोंड मिटा.' म्हटलं, लेकीच्या लग्नाच्या फोटोत तरी मला तोंड उघडून हसू दे."

बायकोने पदराने तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावले, मेंदू बघितला आणि सगळं उत्तम आहे म्हणाले.

"आणि ते काळं?" बायकोने कसंबसं विचारलं.

"त्या यांच्या तारा. धातू असला की तेवढ्या जागेचा फोटो येत नाही. तिथे सांगितलं नाही का तुम्हाला?" सगळ्यांनी पावतीवाल्याकडे बघितलं. त्याने छताकडे बघितलं. डॉक्टरांनी त्याच्या जबड्यावर बोटं दाबली तसा तो कळवळला. "दिवसभर दात आवळून उभे असता का तुम्ही? डोकं त्याने दुखतंय. लोकांवर जरा विश्वास ठेवा, औषधापेक्षा गुण येईल."

घरी आल्या आल्या मेहुणा ड्रिल मशीन काखेत मारून गेला, दोनच दिवसांसाठी. रिमोट लेकीकडे गेला. चहा आला तो न विचारता, आणि त्यात साखर कमी होती. पावतीवाल्याला इतका चांगला चहा कधी लागला नव्हता.

तेवढ्यात बायको फोन घेऊन समोर येऊन उभी राहिली. "बघा इकडे." त्याने सवयीने ओठ घट्ट मिटले.

"मिटू नका," ती हसत म्हणाली. "हसा चांगलं, दात दाखवून. छान दिसतात."

पावतीवाल्याने कप खाली ठेवला आणि डोळे बारीक केले. "आता काय हरवलंस?"

बायकोने क्षणभर विचार केला. "छत्री," ती म्हणाली.

त्याला हसू आवरलं नाही आणि तिने फोटो काढला. त्या फोटोत त्याच्या सगळ्या तारा स्पष्ट दिसतात.