नायिकेची दाढ

वाचनालयातल्या कार्यक्रमात एकानं प्रेमकथालेखकाला विचारलं, "तुमच्या कथांवर प्रभाव कोणाचा?" या प्रश्नासाठी लेखकानं दोन परदेशी कादंबरीकार पाठ करून आणले होते. पण पहिल्या रांगेत बायको बसली होती आणि सकाळीच दोघांचं वाजलं होतं.

"फक्त हिचा," तो म्हणाला. "माझी प्रत्येक नायिका म्हणजे हीच."

टाळ्या पडल्या. बायको लाजली. भांडण मिटलं.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्तमानपत्रात आलं आणि नातेवाइकांनी, कधी नव्हे ते, त्याचं पुस्तक वाचायला घेतलं. नव्या पुस्तकातली नायिका विवाहित होती आणि तिचा दातांच्या डॉक्टरवर जीव जडला होता. बायकोच्या दाढेचं रूट कॅनाल नेमकं तेव्हाच चालू होतं.

"वहिनी, दादाला सगळं ठाऊक आहे?" नणंदेनं फोनवर दबक्या आवाजात विचारलं.

सासूबाईंनी पुस्तक संपवून चष्मा काढला. "एका दाढेला इतक्या फेऱ्या लागत नाहीत," त्या म्हणाल्या.

मग डॉक्टरांचाच फोन आला. "साहेब, वहिनींना दुसरीकडे न्या. आमची मंडळी पुस्तक घेऊन दवाखान्यात येऊन बसलीय."

"अहो, पण दाढ अर्धी झालीय!"

"माझा संसारही अर्धाच झालाय."

दुसऱ्याचं अर्धवट काम कोणी हातात घेईना. बायकोचा गाल सुजला. शेजाऱ्यांनी पुस्तक वाचलं होतंच, आता गालही पाहिला, आणि लेखकाशी बोलणं सोडलं.

शेवटी त्यानं वर्तमानपत्रात खुलासा दिला: 'माझ्या प्रेमकथांशी पत्नीचा काडीमात्र संबंध नाही. नायिका आणि डॉक्टर परदेशी कादंबऱ्या वाचून सुचले.'

"सुचलं एवढं पुरे होतं," प्रकाशक फोनवर ओरडला. "कुठून ते कशाला सांगितलंत?"

पण डॉक्टरांनी दाढ पूर्ण केली. सूज उतरली. शेजारी पुन्हा बोलू लागले. बायको मात्र गप्पच होती.

"अजून दुखतंय का गं?" त्यानं विचारलं.

"दाढ नाही दुखत." ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "इतकी वर्षं संसार केला. माझ्याकडून एक ओळही घ्यावीशी वाटली नाही तुम्हाला?"

लेखकाला खरोखरच वाईट वाटलं. तो तिच्याजवळ बसला. "पुढची प्रेमकथा तुझ्यावरच लिहितो. शब्द देतो."

तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. तिनं थोडा विचार केला.

"लिहा ना," ती म्हणाली. "पण त्यात नवरा घ्यायलाच हवा का?"