सुरुंगवाल्या अण्णांची शिट्टी

सुरुंगवाले अण्णा झाडासाठी खड्डा घ्यायच्या आधी शिट्टी वाजवतात. तीनदा. मग लाल फडकं हलवून ओरडतात, "हटा, हटा! लांब व्हा!" आणि स्वतः धोंड्याआड जाऊन बसतात. लावायचं काय, तर वीतभर करंजाचं रोप. समोर येडशीजवळची आमची बंद पडलेली दगडखाण. माणूस सोडा, गवताची काडी नाही. खाणीच्या भिंती मात्र तीच शिट्टी परत वाजवतात, जरा उशिरानं, जरा वेगळ्या सुरात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

अण्णांना खाणीतल्या भुतानं धरलंय, असं गाव म्हणतं. ते भूत माझं. मी त्या खाणीचा मुकादम होतो, अण्णा तिथं सुरुंग लावायचे. डोंगर कुणी खाल्ला, असं गाव विचारायला लागलं तेव्हा ही आवई मीच उठवली. लोक भुताकडं बघायला लागले की मुकादमाकडं बघत नाहीत. आता वय झालं. खरं ते लिहून टाकतो.

यंदा उन्हाळ्यात मी अण्णांसोबत खाणीत गेलो. खड्ड्यांत भरायला त्यांनी तलावातला गाळ आणि लेंडीखत डोक्यावर वाहून आणलं होतं. शिट्टी झाली. आम्ही दोघं म्हातारे धोंड्याआड दबून बसलो.

"अण्णा, आता सुरुंग कुठाय? वाट कशाची बघायलात?"

"कुणी निघतंय का बघायलोय."

"कोण निघणार?"

"मुकादम, आपुन माणसांना हटा म्हणायचो. घोरपड, ससा, साळिंदर, त्यांना कुणी सांगितलं व्हतं? म्हणून आता आधी सांगतो, मग पहार मारतो."

"मग निघालं का कुणी?"

"इतक्या वर्षांत? कुणीबी न्हाय."

तेवढ्यात खाणीच्या तळातून किंकाळी उठली. टिटवी! आमच्याकडं ती ओरडली की कुणाचं तरी मरण आलं असं धरतात. मी मनात रामलिंगाचं नाव घेतलं.

"उठा अण्णा. अभद्र ओरडायलीय."

अण्णांचा चेहरा फुलला होता. "अभद्र कशाचं? शिव्या द्यायलीय आपल्याला! अंडी असतील. खडीतच घालती ती." त्यांनी पहार अलगद खाली ठेवली. "चुकलं बाई," ते टिटवीला म्हणाले आणि मला मागं ओढलं. "चला. पिल्लं निघंपर्यंत इकडं यायचं न्हाय. तुमी बी न्हाय."

अण्णांच्या घरात दुसरं कुणी नाही. त्या दिवसापासून ते उंबऱ्यावर नुसते बसून आहेत. गल्लीत कुणी मोठ्यानं बोललं की तोंडावर बोट ठेवतात. "हळू. उठंल ती."

खाण तिथून दोन कोस लांब आहे.