जिनाबंदी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जिना चढायला बंदी, हा अन्याय जगात बहुधा एकाच घरात चालू होता. त्या घरात आत्याचं राज्य होतं. मेकॅनिकचे आजोबा, काका आणि वडील तिघेही पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले, आणि आता मेकॅनिकची पन्नाशी दिसू लागली होती. आत्याने आधी तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायला लावून सगळ्यांना तळमजल्यावर आणलं. मग त्याच्या ताटातून तेल गेलं, मीठ गेलं आणि पाठोपाठ चवही गेली. एवढं करून ती थेट त्याच्या मालकाकडे गेली आणि "याला बैठं काम द्या, नाहीतर माझ्याशी गाठ आहे" असं बजावून आली.

मालक गडबडले. म्हणाले, "डॉक्टरांचा दाखला आण. काम झेपेल असं लिहिलं तर ठीक, नाहीतर तुला तक्रारींच्या फोनवर बसवतो."

दुसऱ्यांच्या अडकलेल्या लिफ्टची रडगाणी ऐकायची आणि आपण पान्याला हात लावायचा नाही! मेकॅनिकला ते सहनच होईना. "मरायचं तर हातात पाना घेऊन मरेन," असं तो एकदा बायकोला म्हणाला. आत्याने ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि त्याच संध्याकाळी पाना कुलपात गेला.

हृदयाच्या तपासण्या झाल्या, जनुकांसाठी रक्तही देऊन झालं. निकालाच्या दिवशी आत्या अर्थातच बरोबर आली. दवाखाना पाचव्या मजल्यावर. लिफ्ट चिमुकली, आणि तिच्यात आधीच डॉक्टरीणबाई एका भल्यामोठ्या खोक्यासह उभ्या होत्या. आत्या आत शिरली. मेकॅनिकने एक पाय टाकताच लिफ्टने जास्त वजनाची घंटी वाजवली.

"तुम्ही व्हा पुढे," तो जरा जास्तच आनंदाने म्हणाला.

"जिन्याने यायचं नाही!" आत्याने पिशवी मधे घालून दार अडवलं. "लिफ्ट परत येईपर्यंत इथेच उभा राहा. शपथ घे."

दार मिटायला गेलं, तिने पिशवी घातली. पुन्हा मिटायला गेलं, पुन्हा पिशवी. तिसऱ्यांदा पिशवी आत आली, पण तिचा बंद बाहेर राहिला. लिफ्ट निघाली, दोन मजले चढल्यावर बंद कुठेतरी अडकून ताणला, दार जरासं फाकलं आणि लिफ्ट दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मधे थांबली. दार उघडं आहे असं वाटलं की लिफ्टने थांबायचंच असतं. ती बिचारी आपलं काम चोख करत होती.

"आत्या, घाबरू नकोस!" मेकॅनिकचा आवाज वरून आला.

"तू कुठे आहेस?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"जिन्याने गेलास?"

"नाही, उडत आलो. आता गच्चीवर जातो. यंत्राच्या खोलीत चाक असतं, ते हाताने फिरवून लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उतरवतो."

"खबरदार! आणखी चार मजले? मी इथेच राहीन. मला काही घाई नाही. आणि या बाईंनाही नाही."

"मला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

आजवर मेकॅनिकने आत्याचा शब्द मोडला नव्हता. पण आतला माणूस अडकलेला असताना बाहेर हात बांधून उभं राहायचं, हे त्याच्या रक्तात नव्हतं. बाकी काय असेल ते असो. "मी चाललो!" असं ओरडून तो दोन-दोन पायऱ्या चढत सुटला. गच्चीवरच्या रखवालदाराकडून किल्ली घेतली, वीज बंद केली, ब्रेक सोडला आणि चाक धरलं. इंचाइंचाने लिफ्ट उतरली. त्याने खाली येऊन दार उघडलं, तर आत्या बाहेर आली ती त्याची छाती बघत.

थोड्या वेळाने तिघंही दवाखान्यात बसली.

"घराण्यातलं दोषी जनुक तुमच्यातही आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याने कोलेस्टेरॉल लहानपणापासूनच चढं राहतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदत जातात."

"मी म्हटलं नव्हतं?" आत्या ताठ झाली.

"पण गोळी रोज घेतलीत तर ते उतरतं. तुमच्या वडिलांच्या वेळी कुणी तपासलंच नाही. तुमचं हृदय धडधाकट आहे, तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर चांगले पळालात. जिने चढायला हरकत नाही. चढाच. दाखला देते."

मेकॅनिकला उठून नाचावंसं वाटलं.

"मला काळजी यांची आहे," डॉक्टरीणबाई आत्याकडे वळल्या. "लिफ्टमधे दिवा तुमच्या तोंडावर होता. पापण्यांवरचे हे पिवळे चट्टे कधीपासून? कोलेस्टेरॉल साचलं की येतात असे."

"ते वयाचे. आणि आमच्यात फक्त पुरुष जातात."

"जनुक मुलगा-मुलगी बघत नाही. बायकांना त्रास उशिरा होतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. तुमचं रक्त तपासू, हृदयही तपासू. तोवर दगदग बंद. जिना तर अजिबात नाही."

इतक्या वर्षांनी सुटका समोर असूनही मेकॅनिकचा आनंद पार उतरला. आत्याचे वडील, दोन भाऊ, तिघांच्या उशाशी ही बसली. भाच्याच्या छातीवर कान ठेवून जगली. आणि हिच्या छातीचं काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दाखल्यावर सही-शिक्का होईपर्यंत आत्याची खुर्ची रिकामी झाली होती. लिफ्ट जागच्या जागी होती. मेकॅनिक जिन्याकडे धावला. गच्चीच्या आधीच्या वळणावर आत्या कठडा धरून धापा टाकत होती.

"आत्या! जिना चढायचा नाही म्हणून आत्ताच सांगितलं ना!"

"तिघांना पोचवून आले मी. आणि ती कालची पोर मला बसवून ठेवणार?"

"पण निघालीस कुठे?"

"ते चाक बघायला. मला उतरवलंस ते." तिने श्वास घेतला. "जन्मभर तू काय करतोस ते मी पाहिलंच नाही. करू नकोस एवढंच सांगत आले."

"उद्या दाखवतो. आधी तपासणी. खाली चल!"

"तुझा बापही उद्याच म्हणाला होता."

"मग बस इथे! एक पायरी चढलीस तर बघ! उचलून नेईन खाली, सांगून ठेवतो!" तो इतका मोठ्याने ओरडला की खालच्या मजल्यावरची दारं उघडली.

आत्या पायरीवर टेकली. हात धरून तिने त्यालाही शेजारी बसवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "दम लागेल तुला."