सत्तावीस नंबरच्या जागेची मोहीम

अवघ्या छावण्यांचा धनी जो दर्या, त्यास वंदून ही हकीकत लिहितो. खोटे लिहीन तर माझ्या शेकोटीत ओले लाकूड पडो. वॉशिंग्टन प्रांती, पश्चिम किनारी, राष्ट्रीय उद्यानाचे तळावर राजमान्य आर्विड हॉगेन, टपालखात्यातून निवृत्त, नऊ साले उन्हाळी स्वारीस येत, आणि नऊही साले उशिरा पोहोचोन संडासाशेजारी तंबू ठोकीत. दहावे साली त्यांचे कबिल्याने, म्हणजे लोर्नाबाईंनी, निर्वाणीचा हुकूम सोडिला: "यंदा पडल्या पडल्या समुद्र दिसला नाही ना, तर पुढच्या वर्षी तू एकटाच ये. मी बहिणीकडे जाते."

सबब आर्विडराव बाईंस घेऊन पहाटेच कूच करोन आले आणि सत्तावीस नंबरची जागा, जी ऐन दर्याचे तोंडावर, तिजला वेढा घातला. ज्याची चिठ्ठी खांबास आधी लागे त्याची जागा, ऐसा तेथील कायदा. परंतु आतील असामी तळ उठवोन जाईतो चिठ्ठी लावणे मना, आणि आतील असामी निवांत न्याहारीचे बेकन परतीत होते. मग आर्विडराव चिठ्ठी उपसोन खांबापाशी उभे राहिले, आणि मागाहून क्लाइड पिकेट नामे गनीम चाकांवरले घर घेऊन चालून आला.

"निघताय का?" आर्विडरावांनी पाचवे खेपेस पुसले.

"अहो, कॉफी तरी गिळू द्या की!" ऐसा जबाब आला.

अकरा वाजता ठाणे हलले. पिकेट उडी टाकोन धावला, परंतु पायीच्या चपला रेतीत रुतल्या, आणि आर्विडरावांनी चिठ्ठी खांबास डकविली.

"पोस्टमन आहेस की काय रे?" पिकेट धापा टाकीत ओरडला.

"होतो. छत्तीस वर्षं!"

मग तंबू उलगडिला आणि आकांत जाहला. काठ्याच नव्हत्या! मोहिमेची तालीम म्हणोन रविवारी परसात तंबू उभारिला, आणि काठ्या तेथेच कुंपणास टेकोन राहिल्या. आर्विडराव मटकन बसले. "संपलं सगळं. जा बहिणीकडे."

लोर्नाबाईंनी तंबू जमिनीवरच अंथरिला, वरी बिछाना टाकिला आणि आडव्या जाहल्या. समोर अवघा दर्या, मध्ये कापडाचा आडपडदा नाही. मग बाई दर्याकडे बघत वदल्या:

"आर्विड, पुढच्या वर्षी काठ्या आणल्यास तर बघ."

येणेप्रमाणे सत्तावीस नंबर फत्ते जाहला, आणि पिकेटाची रवानगी संडासाशेजारी जाहली. कलम ठेवितो, कॉफी निवते.